बोलून झाल्यावर बसायचं असतं

आये, मी आजी झाले. हे सगळ्यात आधी तुला सांगायचं म्हणून वही घेऊन बसले, तर अक्षर बघ कसं कोंबडी चालून गेल्यासारखं येतंय. चौथी सुटल्यावर पेन हातात धरलं ते सहीला आणि वाण्याच्या यादीला, तेवढंच. मुलगी झाली. तुझ्या नातीला मुलगी, म्हणजे तुझी पणती. डोक्यावर केस एवढे की नर्स म्हणाली, आजी, हिला उद्यापासून वेणी घाला. नाक तुझं आहे. विहीणबाईंचं म्हणणं नाक त्यांच्याकडचं. मी म्हटलं बरं, बाळंतिणीच्या खोलीत नाकावरून कोण भांडणार. पण तुझंच आहे, शेंड्याला जरासं बसकं. दवाखान्यातून घरी येऊन आज चौथा दिवस. मायलेकी दोघी झोपल्यात, डिंकाचे लाडू वळून झालेत, मेथीचे राहिलेत, आणि वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर घरघरतोय. खरं तर मी पण पाठ टेकायला हवी. पण एवढ्या आनंदात एक गोष्ट मनातून जात नाही. ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी सांगायला तूच सुचलीस.

तू कळव्याहून रोज डोंबिवलीला जायचीस, बाईंच्या दवाखान्यात. बाई म्हणजे डॉक्टरीणबाई, आणि तू तिथली आया. दहा खाटा, एक लांबट खोली, मागं मोरी, आणि सगळीकडं डेटॉलचा वास. तुझ्या लुगड्यालासुद्धा तो वास असायचा, धुऊनही जायचा नाही. कधी तू सकाळी डबा न घेताच पळायचीस, मग दुपारी मी घेऊन यायचे आणि दारात बसून राहायचे, कारण तू लवकर बाहेर यायचीसच नाही. फटीतून दिसायचीस. कळा येणाऱ्या बाईच्या पायथ्याशी बसून तू तिचे पाय चोळतेयस, आणि चोळता चोळता म्हणतेस, "एक सांगू का, बाय?" ती हो म्हणाली तरच पुढचं. "मना भ्या वाटला का मी माझे गावदेवीला हाक मारतंय. मना बरा वाटतं. तुझा जो कोन आसंल, त्याला तू मार." झालं. एवढंच. ती नको म्हणाली तर "बरा" म्हणून तू पाय चोळत राहायचीस, चेहऱ्यावर काही नाही. हात मोकळे असताना तू देवाचं कधी बोलली नाहीस, कायम कुणाला पाणी देताना, कुणाचं अंग पुसताना. एकदा एक शाळेतली मास्तरीण होती, ती दातओठ खात म्हणाली, "मावशी, मी देवबिव मानत नाही." तू म्हणालीस, "नको मानू. माझा हात धर." तिनं इतका जोरात धरला की रात्रीपर्यंत तुझ्या मनगटावर वळ होते. एक ख्रिश्चन बाई होती, तिनं तुझं ऐकून घेतलं आणि मग तिच्या देवाची प्रार्थना मोठ्यानं म्हटली, पूर्ण. तू हात जोडून ऐकलीस आणि म्हणालीस, "चांगला हाय तुमचा." डॉक्टरीणबाई हसायला लागल्या.

पण बोलणं दोन वाक्यांचं आणि नंतरचं बसणं केवढं. तुझी पाळी संपलेली असायची, दुसरी आया आलेली असायची, आणि तू तिथंच स्टुलावर. मला राग यायचा. डब्यातली भाकरी चिवट व्हायची. मी म्हणायचे, आता काय बोलायचं राहिलंय तुझं? तू म्हणायचीस, "बोलून झाला. आता बसतंय."

मला मात्र तुझं ते बोलणंच तेवढं आवडायचं. वाटायचं, आपल्यालाही येतं हे. त्यात काय. सतरा वर्षांची होते, तोंडाला फाटक नव्हतं, ते अजून नाही म्हणा. तेव्हा कल्याणची एक बाई आली होती, पहिलटकरीण, सातव्यात अंगावरून जायला लागलेलं. बाईंनी तिला आठ दिवस खाटेवर झोपवून ठेवली होती. माझी न् तिची गट्टी जमली. मी तिची वेणी घालायचे, ती मला तिच्या लग्नातल्या गमती सांगायची. एक दिवस ती भिंतीकडं तोंड करून रडत होती. तू मोरीत चादरी आपटत होतीस. मी तिच्या जवळ गेले आणि म्हटलं, "रडू नका हो. मी आमच्या गावदेवीला तुमच्या नावानं नवस बोललेय. ओटी भरायची आणि नारळ द्यायचा. आमची देवी नवसाला पावते, बाळाला काही होणार नाही." तिनं डोळे पुसले. माझे दोन्ही हात धरले. तुला सांगते आये, मला त्या वेळी इतकं छान वाटलं की घरी येईपर्यंत मी रस्त्यात गुणगुणत होते. तिला विचारलं नव्हतं, तुला विचारलं नव्हतं, आणि देवीलाही तेव्हा कुठं विचारलं होतं? नवस मी त्याच क्षणी तोंडातल्या तोंडात बोलले होते, तिचं रडणं थांबावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी बाळ पोटातच गेलं. मी डबा घेऊन आले तेव्हा सगळं उरकलं होतं. ती सरळ पडली होती, डोळे छताला. तू शेजारी स्टुलावर. तिनं मान वळवली नाही, नुसतं विचारलं, "मावशी, ओटी आधी भरायची असते का? मी भरली नाही म्हणून झालं का असं?" तू काही समजली नाहीस. मग दारात माझा चेहरा पाहिलास आणि समजलीस.

तू मला तिथं काही बोलली नाहीस. घरी आल्यावर चुलीपुढं बसलीस, भाकरीची उकड मळायला घेतलीस, पीठ चटके देत असणार, तू मळत राहिलीस. बापूस मिठागरावरून यायचा होता. मग म्हणालीस, "आपन आपला सांगायचा. मना काय झाला, मी काय केला, एवढाच. देवी तुझ्यासाठी काय करील ते तू सांगनारी कोन?" मी म्हटलं, मी तिच्या बऱ्यासाठीच बोलले. तू म्हणालीस, "तिचा पोर गेला, तेवढा पुरा नव्हता. वर तू तिला तिचीच चूक दिलीस." आणि मग, अगदी हळू, "उद्या माझ्यासंगत ये. तिला तू सांग, नवस मीच बोलले, तुम्हाला न विचारता. तुमचा काही चुकला नाय. आनि मग थोरा बस तिच्याजवळ."

सकाळी मी पोट दुखतंय म्हणाले. गोधडी डोक्यावर घेतली. तू दारात उभी राहिलीस, चप्पल घालताना आवाज आला, थांबला, परत आला, आणि तू गेलीस. एकटी. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं. त्यानंतर तू हा विषय माझ्याकडं काढला नाहीस, मीही काढला नाही, आणि मला वाटलं मिटलं.

माझ्या लग्नात तू हिरवी साडी नेसलीस, बारीक जरीकाठाची. तुझ्या सगळ्या जावा विचारत होत्या कुठून आणली. मला सासरी पाठवताना कानाशी येऊन म्हणालीस, ती कल्याणची बाई दोन वर्षांनी परत आली होती बाळंतपणाला, मुलगी झाली, साडी तिची. येताना बाईंना तिनं सांगितलेलं, मला त्या मावशी हव्यात, ज्या माझ्याजवळ नुसत्या बसल्या होत्या. एवढं सांगून तू माझा पदर नीट केलास. मी तेव्हा ढसाढसा रडले, सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून.

तेव्हापासून मी परक्या माणसाजवळ देवाचं नाव काढायचं सोडलंच. घरात दिवा लावते, मंगळवारी गावदेवीला जाऊन येते, पण बाहेर तोंड बंद. आमच्या बिल्डिंगीतल्या बायका आजारी माणसाकडं जाऊन हे वाचा, ते अकरा वेळा म्हणा सांगतात, मी आपली चहाचे कप उचलते. त्यांना वाटतं मी नास्तिक की काय. एक तर म्हणाली, "काकू, तुमच्या तोंडून देवाचं नाव कधी ऐकलं नाही हो." मी म्हटलं, त्याला ऐकू गेलं म्हणजे झालं.

आणि आता हे दवाखान्याचं. माजिवड्याच्या बाजूला मोठा दवाखाना आहे, लिफ्टमधून वर गेलं की लांब बाकडी, थंडगार. मुलीला सकाळी आत नेलं. जावई खालीवर फेऱ्या मारत होता, मी बाकावर. शेजारी माझ्याच वयाची बाई, बुरख्यातली, हातात मण्यांची माळ. मुंब्र्याची, माहेर रत्नागिरीकडं, मराठी माझ्यापेक्षा चोख. तिच्या सुनेचं बाळ सातव्यात जन्मलेलं, पाच दिवस काचेच्या पेटीत. मी सारखी बंद दाराकडं बघत होते, तर तिनंच मला तिच्या थर्मासमधला चहा दिला. "घ्या ताई, साखर जरा जास्तच आहे. आमच्याकडं असंच." मी घेतला. मग तिनं विचारलं, "तुम्ही अशा वेळी काय करता हो?" आये, चाळीस वर्षांवर होऊन गेली असतील. माझ्या तोंडून तुझंच आलं. तिचा मुलगा तिच्या मांडीवर डबा ठेवून गेला होता, तो मी उघडून तिच्यापुढं ठेवत होते, हात रिकामे नव्हते. म्हटलं, "एक सांगू का? मला भीती वाटली की मी आमच्या गावदेवीला हाक मारते. मला बरं वाटतं. तुम्ही तुमच्या परीनं करताच आहात." ती म्हणाली, "हो, मी करतेय. पाच दिवस झाले, दुसरं काय करणार?" थोडा वेळ माळ चालली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तुमच्या देवीला आमच्या बाळाचं पण सांगाल? काही मन्नत मानायची असेल तर माना, मी देईन. होईल ना ते बरं?"

बघ कसं असतं. तेच पुन्हा माझ्यापुढं आलं. होईल म्हणणं ओठावर होतं, किती सोपं होतं. पण मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, "सांगेन, नक्की सांगेन. पण मन्नत, नवस काही नको. आणि बरं होईल का ते मला नाही हो माहीत." तिचा घास हातात राहिला. मला वाटलं, दुखावलं मी हिला. तर तिनं मान हलवली आणि म्हणाली, "सगळे म्हणतात होईल. तुम्ही एकट्याच खरं बोललात." आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मी पण बसले, चांगला तासभर. तुझी आठवण इतकी आली की काय सांगू, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही आला, की बघ, जमलं मला.

दुपारी आमची जन्मली. मग मी कुठली थांबतेय. फोन काय, पेढे काय, जावई मला उचलायचाच बाकी होता. तिनं लांबूनच दोन्ही हात उचलून दुवा दिली.

तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडणार होते. मुलीला मी बाकावरचं सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली, "आई, त्या मुंब्र्याच्या आजींना पेढा दिल्याशिवाय निघायचं नाही हं." मी डबा घेऊन गेले. कोपऱ्यावर वळले तर ती बाकावर होती. माळ मांडीत पडलेली, हातात नव्हती. डोकं भिंतीला टेकलेलं. तिचा मुलगा पुढं उभा, डॉक्टर त्याच्याशी हळू बोलत होता आणि मुलगा नुसता मान हलवत होता. शेजारची जागा मोकळी होती. तिनं मला पाहिलं नाही. मी उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही, आणि मग मागच्या जिन्यानं खाली उतरले. पेढे वॉचमनला दिले. वर येऊन मुलीला सांगितलं, दिले गं, त्यांचं बाळही सुधारतंय म्हणाल्या. मुलीनं हात जोडले. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगते, आईनं कसा धीर दिला त्या आजींना, आणि मी बाजूला बसून दुपटी घडी करते.

त्यांच्या देवाजवळ काय मागितलं गेलं, माझ्या देवीला मी काय सांगितलं, ते ती दोघं बघून घेतील. हे पान मी कुणाला वाचायला देणार नाही, आणि तुझ्यापर्यंत ते जात नाही हे मला कळतं. पण आये, त्या बाळाचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याशेजारी बसावं लागलं असतं, आणि मला त्या दिवशी आमच्या बाळाला घेऊन घरी यायचं होतं.