रक्ताचा माग

सॅमन, आयडाहो
९ ऑक्टोबर १९९६

प्रिय कॉर्बिन,

तू बरा असशील. आम्ही दोघं ठीक आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिते. माथ्यावर बर्फ पडलं, खाली अजून नाही. शेजारच्या होलिसची खेचरं कुरणात चरून लठ्ठ झालीत. तुमच्या कोडियाक बेटावरच्या मासेमारीच्या बोटी आता किनाऱ्याला लागल्या असतील.

या वर्षी मांस नाही. फ्रीझरच्या तळाशी गेल्या सालचं थोडं उरलंय, तेवढंच. होलिस त्याच्यातलं अर्धं हरीण देतो म्हणाला. मी आधी नको म्हटलं, मग हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये बाबा आणि मी वरच्या खोऱ्यात शिकारीआधीच्या पाहणीला गेलो होतो, दरवर्षीसारखे. निघताना होलिस कुंपणावर रेलून म्हणाला, "व्हर्ना, या म्हाताऱ्याला डोंगर पाठ आणि डोंगराला म्हातारा पाठ. तू मधे कशाला कडमडतेस?"

"स्वयंपाकाला," बाबा म्हणाले. "मागे तुझ्या हातचं खाल्लं तर मरता मरता वाचलो."

पाहणी चांगली झाली. एल्क हरणांचे नर ज्या डबक्यात लोळतात ते बाबांनी शोधून काढलं. काठच्या पाइनची साल शिंगांनी सोललेली होती, डिंक अजून ओला. बाबांनी बोट लावून वास घेतला. "मोठा आहे, आणि तापट आहे," म्हणाले. राखेची पुरचुंडी झटकून वारा सकाळी कसा उतरतो, उन्हं चढल्यावर कुठे फिरतो, ते मला दाखवलं. वाळक्या फांद्यांचा आडोसा स्वतः रचला. मला फक्त फांद्या आणून द्यायचं काम.

एकच गोष्ट खटकली. परतताना ते वाटेच्या खुणेसाठी झाडांना लाल फिती बांधत होते. फिती बांधून डोंगरात शिरणाऱ्यांना बाबा काय काय बोलायचे ते तू ऐकलं आहेस. मी विचारलं तर म्हणाले, "तुझ्यासाठी गं. तुझी नजर कच्ची." माझी नजर कच्चीच आहे, म्हणून मी ते खरं मानलं.

सप्टेंबरात एल्क माजावर आले तेव्हा परत चढलो. एक खेचर, एक तंबू, बाबांचं यू झाडाच्या लाकडाचं धनुष्य. तळावर पोचल्यावर त्यांनी गवताच्या पेंढीवर हात साफ केला. सगळे बाण मुठीएवढ्या जागेत. हे मुद्दाम लिहितेय. हातांना सगळं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आडोशात बसले. मी मागे झाडीत राहून मादीचा आवाज काढत होते. वरून नराची शीळ आली, मग जरा जवळून, मग फांद्या मोडल्याचा आवाज. तो डबक्याशी आला आणि बाबांसमोर पंधरा पावलांवर आडवा उभा राहिला. पाणी प्यायला. मान वर करून पुन्हा प्यायला. अशी संधी माणसाला किती वेळा मिळते ते तुला सांगायला नको. बाबांचा बाण दोरीला लावलेला होता. त्यांनी हात उचलला नाही. नर आला तसा सावकाश निघून गेला.

मला वाटलं, सोडून दिला. म्हातारपणी काही शिकारी सोडतात. मी जवळ जाऊन विचारलं, "का हो बाबा, सोडलात?"

"कुणाचं जनावर आहे ते?"

"कुणाचं म्हणजे?"

"असेल कुणाचं तरी. कुंपण मोडून आलंय. मालकाला न विचारता कसं मारायचं?"

मी हसले. ते हसले नाहीत.

तळावर आलो. ते तंबूशी बसले, मी खेचराला पाणी दाखवायला ओढ्यावर गेले. परत आले तर बाबा नव्हते. धनुष्य झाडाला टेकवून ठेवलेलं होतं. हाका मारल्या. वाऱ्याने सगळ्या खाली नेल्या.

मग मी त्यांनी शिकवलं तसं केलं. कडेकडेने चालले, माग तुडवला जाऊ नये म्हणून. सावलीतल्या गवतावर दंव होतं, त्यात पायांनी पुसलेला काळसर पट्टा दिसला. पुढे मातीत त्यांचा डावा बूट, टाच बाहेरून झिजलेला. जनावर पाण्याकडे जातं, सावलीकडे जातं, त्याच्या चालण्याला काही कारण असतं. बाबांच्या मागाला कारण सापडेना. एका खोडाभोवती ते दोनदा फिरले होते. वाट फुटते तिथे इतका वेळ उभे होते की पावलांवर पावलं पडली होती. तिथल्या झाडाला त्यांनीच बांधलेली फीत होती. ते उलट्या बाजूला गेले होते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडले. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, पाय पाण्यात.

"बाबा, चला," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली. "बाई, तुम्ही एकट्याच आलात इतक्या वर?"

कॉर्बिन, ते मला तुम्ही म्हणाले.

"मी व्हर्ना."

"बरं, बरं. बसा. माझा मुलगा येईल एवढ्यात. जनावर जखमी करून बसलाय पोरगा. त्याला मागावर पाठवलंय."

मी बसले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

"वाईट वाटतंय त्याला," ते म्हणाले. "मी जरा जास्तच बोललो चारचौघांत. रक्त बारीक पडलंय, वेळ लागणार. वाटेत भेटला तर सांगाल का? घाई करू नको म्हणावं. म्हातारा इथेच बसलाय, अंधार पडला तरी बसेल."

हे तुला लिहायचं होतं. बर्फ, खेचरं, होलिस, ते सगळं आधी लिहिलं, इथवर यायला वेळ लागला म्हणून. चाकं लावलेल्या त्या नव्या पद्धतीच्या धनुष्याने तू लांबून मारलेला आणि मग न सापडलेला तो नर, त्याच्यावरून बाबा जे बोलले, आणि त्याच आठवड्यात तू घर सोडून गेलास, त्यातलं तुझं जाणं त्यांच्या डोक्यात राहिलेलंच नाही. त्यांच्या लेखी तू अजून वर आहेस, माग काढतोयस.

ते काही केल्या उठेनात. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या मुलाला जनावर सापडलं. खाली उतरवतोय. हात लावायला बोलावलंय तुम्हाला."

"सापडलं?" त्यांनी लगेच बूट चढवले. "मला वाटलंच होतं. चिवट आहे तो." खाली येईपर्यंत एका अनोळखी बाईला ते तुझ्याबद्दल सांगत होते. तू लहानपणी ओढ्यात पडलास ते, तू पहिला बाण तासलास ते. तुला ओढ्यातून मी बाहेर काढलं होतं. ते त्यांच्या गोष्टीत नव्हतं.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लाकडं फोडते, भांडी घासते. धनुष्याची दोरी उतरवून ठेवलीय आणि बाणांची पाती होलिसकडे दिलीत. काही दिवस ते मला 'अगं' म्हणतात, काही दिवस 'अहो'. 'अहो'चे दिवस वाढतायत. परवा पहाटे शेतावरच्या बर्फगार चिखलात अनवाणी सापडले.

खाली शहरात म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे. पुढच्या एक तारखेला तिथे खोली रिकामी होतेय. मी हो म्हणून आलेय. तुला विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ते मला कळत नाही.

यायचं असेल तर त्याआधी ये. ते भांडण त्यांच्याजवळ नाही आता, तू आणि मीच ते सांभाळून बसलोय. दारातच ते तुला विचारतील, जनावर सापडलं का. हो म्हण. कुठल्या उतारावर, किती लांब, कुठे पडलं होतं, ते आधी ठरवून ये. बारकाईने विचारतात.

निदान तुझी तरी बहीण,
व्हर्ना