दारातला स्पीकर आणि तुझे धवले

आई, गाडीच्या दारातला स्पीकर मी दुरुस्त केला. स्वतःच्या हातानं. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यात फारशी मजा नाही, कारण त्या स्पीकरमधून जो आवाज नीट ऐकू येत नव्हता तो तुझा होता.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता आपल्या कोन गावात धवलारीण म्हणजे कोण हे नव्या पोरींना समजावून सांगावं लागतं. मी सांगते, आणि ताठ मानेनं सांगते, की भटजी नव्हे, बाई लग्न लावायची, धवले गाऊन लावायची, आणि आमची आई ते करायची. मला अजून तू दिसतेस. मांडवात पाटावर बसतेस, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतेस, घसा खाकरत नाहीस, कुणाला गप्प बसा म्हणत नाहीस, आणि तरी पहिल्या सुराला वाजंत्रीवाले आपोआप थांबतात. आधी देवांना आवतण, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. गेलेल्या माणसांपाशी आलीस की तुझा आवाज खाली उतरायचा, जवळजवळ बोलल्यासारखा व्हायचा, आणि म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

मी कॉलेजात असताना एका दुपारी स्वयंपाकघराच्या फळीवर टेपरेकॉर्डर ठेवला होता, आठवतं? तू खाली बसून सुकी मासळी, वाकट्या, साफ करत होतीस. मी म्हटलं, गा. तू चिडलीस. "गानं डबीत कोंडून काय करशील गो? तोंडात ठेव. डबीला काय, कोन पन वाजवील." मी हट्टानं बटण दाबलं. तू थोडा वेळ नुसती वाकट्यांची डोकी मोडत राहिलीस आणि मग, माझ्याकडे न बघता, सगळं गायलीस. हळदीपासून पाठवणीपर्यंत. तुझी बोलणी मी पुष्कळ खाल्ली, पण रागे भरून लगेच हवं ते हातात ठेवायची तुझी ही रीत मला फार उशिरा उमजली.

ती कॅसेट मी जपली, गाणं मात्र तोंडात ठेवलं नाही. नोकरी, संसार, वळ गावच्या गोडाऊनमधली ड्युटी, यात ते राहून गेलं. मग यंदा तुझी नात, दादाची मुलगी, लग्नाचं ठरल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, डीजे लावायचा तर लावू देत पोरांना, पण मला आजीचे धवले पाहिजेत." दादा हसला. "आता कोन हाय गानारी? होती ती पन अंथरुणाला खिळलीय." पोरगी माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, मी गाते. म्हणून मोकळी झाले आणि मग कॅसेट बाहेर काढली.

घरातला टेप केव्हाच भंगारात गेला होता. कॅसेट चालेल असं एकच यंत्र उरलं होतं, माझी जुनी गाडी. कंपनीनंच बसवून दिलेला कॅसेट प्लेअर, आणि दोन दारांत दोन स्पीकर. त्यातला डावा मुका झालेला, उजवा खरखरणारा. बातम्या, गाणी, काहीही लावलं की भांड्यात वाळू हलवल्यासारखा आवाज, तोही नेमका खालच्या सुरांना. तू देवांना बोलावलंस ते लख्ख ऐकू आलं. गेलेल्या माणसांपाशी आवाज उतरला, आणि नुसतं खर्र. भाच्यानं मोबाइलमध्ये उतरवून दिलं, तर मोबाइलमध्ये खरखरही उतरली.

नाक्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये कंपनी का कचरा निकाल दो. नया लगाओ, क्या बेस मारेगा!" त्यानं वाजवूनही दाखवलं. छाती हादरली. तुझ्या उतरलेल्या आवाजाला असली धमक लावायची कल्पनाच मला सोसेना. मी परत आले आणि रविवारी सकाळी अंगणात गाडीचं उजवं दार उघडून बसले.

आधी वाटलं, दाराचं प्लास्टिकच सैल असेल. हातानं दाबून धरलं, खरखर तशीच. मग स्क्रू काढले, आतल्या क्लिपा एकेक सोडवल्या, अख्खा पत्रा उघडा पडला. दादा ओट्यावरून म्हणतो, "आता हे परत बसवनार कोन?" मी म्हटलं, जिनं काढलं ती. स्पीकर बाहेर घेतला तेव्हा दुखणं दिसलं. मधला कागदी शंकू धडधाकट, पण त्याला चौकटीशी बांधून ठेवणारं फोमचं कडं बोट लावताच काळी भुकटी होऊन गळलं. कागद मोकळा पडून आत घासत होता, एवढंच.

आणि आई, तू फाटक्या सुपाला मेथीची खळ लावून कापड चिकटवायचीस ना? ताणायचं नाही, सुरकुती ठेवायची नाही, कडेनं बोट फिरवत जायचं. मी शेजारच्या कापडाच्या कारखान्यातून पातळ मलमलीचा तुकडा मागून आणला, गोल कडं कापलं, खळीच्या जागी रबराचा गोंद घेतला. पहिल्यांदा वाकडं बसलं. वाजवलं तर अजूनच भेसूर. सगळं सोलून काढलं, पुन्हा कापलं. या वेळी दोन्ही अंगठ्यांनी शंकू हलकेच दाबून बघितला, कुठे घासत नाही याची खात्री केली, वरून गोंदाचा पातळ हात दिला आणि संध्याकाळपर्यंत वाळू दिला.

स्पीकर जागेवर बसवला, दार बंद करून कॅसेट लावली. तुझा आवाज उतरला, आणि उतरतच गेला, स्वच्छ. तू ज्यांना बोलावत होतीस त्यांचं एकेक नाव कळलं. दादा मागच्या सीटवर येऊन बसला होता. कॅसेट संपल्यावर नुसतं म्हणाला, "परत लाव."

मग मी रोज कामावर जाता-येता शिकले. वाटेतल्या पूर्णा गावापाशी ट्रकांच्या रांगेत अडकले की काचा वर करून मोठ्यानं गायचे. लग्नात मी पाटावर बसले, आणि डीजेवाल्यानं स्वतःहून मशीन बंद केलं. गेलेल्या माणसांना बोलावताना शेवटी तुझं नाव घेतलं. नवरी मुंडावळ्यांआडून रडली, तिची सासूही रडली. तुझ्या वयाच्या एका म्हातारीनं माझी अलाबला घेतली. म्हणाली, "एक शबूद चुकला न्हाय. जशीच्या तशी तुझी आयस."

मी मान हलवली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. कॅसेटवर पाठवणीच्या धवल्यात एका ओळीवर कुकरची शिटी झाली आहे. स्पीकर कितीही नीट केला तरी ती ओळ सापडली नाही. तिथे मी माझी घातली.