गार चिठ्ठी

आष्टा, शुक्रवार, ९ मे १९९७

काल मी लिहिलं की महिला मंडळाच्या सोडतीची चिठ्ठी आईच्या घामाने ओली झाली असेल. चूक. चिठ्ठी गार होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आईने मडक्यात हात घातला आणि म्हणाली, "अगं बाई, ही लय गार हाय!" सगळ्या हसल्या. मीही.

भर मे महिन्यात एवढ्या चिठ्ठ्यांत एकच गार? अध्यक्षीणबाईंनी बर्फ मागवला होता, सरबत मात्र झालंच नाही. आणि आईला सांगून ठेवलेलं, "वैनी, हाताला पहिली जाणवंल तीच उचला."

बक्षिसाचं शिलाई मशीन अध्यक्षीणबाईंच्याच भाचीला गेलं. आज कुजबुज सुरू झाली, तर नळावर सगळ्यांसमोर बाई मलाच म्हणतात, "आमाला काय इचारतीस? तुझ्या आयच्याच हातानं निघाली की!" मला घरी बसवून अक्षरं शिकवणारी माझी आई घागर न भरताच परतली.

मंडळाची सचिव मी, सोडतीची परवानगी माझ्या सहीने आहे. तक्रार केली तर पहिली चौकशी माझीच. पुन्हा परवानगी मिळणार नाही, सोडतीच्या पैशातून व्हायचं बालवाडीचं छप्पर राहून जाईल. राहू दे? हो, राहू दे. मला त्यांची मान खाली गेलेली बघायची आहे.

सोमवारी, बारा तारखेला, पहिल्या एसटीने सांगलीला, कलेक्टर कचेरीत.