नियम म्हणजे नियम

३ ऑगस्ट
शाळेच्या बास्केटबॉल टीमला आज नियम सांगितला. आंतरशालेय स्पर्धा होईपर्यंत क्लबमध्ये खेळायचं नाही. खेळाल तर टीमबाहेर. अकरा मुली, अकराही गप्प. प्रशिक्षकाचा दरारा असावा लागतो. माझा उपजतच आहे.
टीममध्ये आमची कन्याही आहे. तिला वेगळं सांगावं लागत नाही. घरी बाबा, मैदानावर सर, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

४ ऑगस्ट
नऊ आल्या. दोघींना ताप असावा.

७ ऑगस्ट
ताप नव्हता. क्लबला गेल्या. सुंठीवाचून खोकला गेला. त्यातली एक सगळ्यांत उंच होती, पण उंचीचं काय एवढं.

१२ ऑगस्ट
सात. एका मुलीचे वडील भेटायला आले. दोन्हीकडे खेळून मुलींच्या गुडघ्यांची कशी वाट लागते, ते त्यांना पाऊण तास समजावलं. अगदी पटलं. म्हणाले, बरोबर आहे सर, एकच ठेवू. शाळेची टीम सोडवली.
सहा.

१३ ऑगस्ट, सकाळी
ही म्हणाली, अहो, नियम जरा सैल करा. म्हटलं, खेळातलं तुला काय कळतं. बरं म्हणाली. ही बरं म्हणाली की मला धाकधूक होते.

१८ ऑगस्ट
पाच. बास्केटबॉलला लागतात पाचच. बाकीच्या उगाच बेंच झिजवत होत्या.
कन्या संध्याकाळी फार दमलेली दिसते. माझ्या सरावाचा परिणाम. दोन दिवस सराव बंद आहे, ते सोडा.

२० ऑगस्ट
परवा स्पर्धा. एखादीचा पाय मुरगळला तर? शेवटी क्लबच्या कोचला फोन केला. हातापाया पडलो नाही, विनंती केली. शनिवारपुरत्या दोन मुली पाठवा. तो म्हणाला, सर, मी कुणाला अडवलंच नाही, अडवलंत तुम्ही. वर म्हणाला, तुमची मुलगी मात्र छान खेळते. म्हटलं, तुम्ही कुठे पाहिलीत? तो घाईने म्हणाला, सराव सुरू होतोय, ठेवतो.

२० ऑगस्ट, संध्याकाळी
कन्या जूनपासून क्लबला जाते. पालकांच्या सहीशिवाय घेतलं कसं, म्हणून मी आवाज चढवला. तिने फॉर्म आणून दाखवला. सही माझी. ही चहाबरोबर कागद पुढे सरकवते, मी पेपरमधून मान वर न काढता सही ठोकतो. हिच्याकडे पाहिलं. म्हणाली, खेळातलं मला काय कळतं.

२१ ऑगस्ट
नियम म्हणजे नियम. कन्येला टीमबाहेर काढलं. वाटलं होतं, रडेल, विनवण्या करेल, मग मी विचार करीन. ती म्हणाली, ठीक आहे सर. घरात, जेवणाच्या टेबलावर, सर.

२२ ऑगस्ट, शनिवार
चौघी. पंचांनी दहा मिनिटं वाट पाहून शाळेचं नाव खोडलं. चौघींनी विचारलं, सर, आता क्लबला जाऊ का? जा म्हटलं. परत येऊन बोर्डावरची नोटीस काढली. पिनाही काढल्या. काय चुकलं, काही कळत नाही.

३० ऑगस्ट, रविवार
क्लबच्या मॅचला गेलो. सहज त्या बाजूला काम होतं. बर्फ आणि क्रेप बँडेजही सहजच पिशवीत होतं. सवयीने बेंचवर जाऊन बसलो. कन्येचे दोन बास्केट पाहिले, दोन्ही मी कधी न शिकवलेले.
हाफ टाइमला धावत थेट माझ्याकडे आली. मैदानावर, सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा बाबा म्हणाली. डोळे भरून आले. म्हणाली, बाबा, तिकडे गॅलरीत बसा ना, इथे फक्त टीम बसते.
बसलो. गॅलरीतून मॅच जास्त चांगली दिसते, असं मी पालकांना बारा वर्षं सांगत आलोय.