कुशाबाईंचा तवा कोणाला

मी, साळुबाई सोमाजी औटी, वय पन्नाशीच्या आतबाहेर, शिक्षण चौथी, राहणार राजुरी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे मला कोणी लिहायला लावलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. मी घाबरत नाही. पण माझ्यामागं कोण कोणत्या भांड्याला हात घालील ते मला ठाऊक आहे, म्हणून हे. वकिलाला सांगितलं असतं तर त्याने निम्मं गाळलं असतं.

१) घरातला माझा हिस्सा मालकांना, त्यांच्यामागं मुलगा गोरख याला. भांडण नको.

२) दोन्ही शेळ्या आणि बोरमाळ सून वृषाली हिला. ती माझ्या चोरून लंकाबाईकडं धिरडी शिकायला जाते. पदराला पीठ घेऊन येते आणि मला म्हणते, देवळात गेले होते. तरी बोरमाळ तिलाच.

३) बिडाचा तवा. हे कलम दोनदा वाचावे.

तवा सासूबाईंचा, कै. कुशाबाईंचा. त्या आंबेगावच्या डोंगराकडच्या. तांदळाची धिरडी त्यांनी माहेरून आणली. पीठ रात्री आंबवायचं, गाडगं कधी रिकामं करायचं नाही, पळीभर मागं ठेवून त्यातच पुढचं कालवायचं. सकाळी तव्यावर झाकण ठेवलं की धिरडं बोटभर फुगायचं. गुळवणीत टाकलं की सगळं पिऊन घ्यायचं. हे त्यांनी मला शिकवलं, थोरली म्हणून. धाकटी जाऊ लंकाबाई तेव्हा भाकरी पण वाकडी थापत होती.

शहाण्णव साली सासूबाई गेल्या. सुतकात घरातलं शिजलेलं, आंबलेलं सगळं टाकतात. मी गाडगं उकिरड्यावर पालथं केलं. लंकाबाईने सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाच पळीभर पीठ माहेरी, पेठला भावजयीकडं नेऊन ठेवलं होतं; तिथं आमचं सुतक लागत नाही. तेरावं झाल्यावर जीपमध्ये मांडीवर डबा घेऊन परत आणलं. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस गं?" तर म्हणाली, "आक्का, तुमी इचारलंच न्हाई."

मग मी नवं पीठ लावलं. धिरडी चपलेच्या तळासारखी. परत लावलं, तेच. आणि तिची फुगतात. मालक सकाळी भावाकडं जातात, म्हणतात गोठा बघून येतो. मिशीला गुळवणी असते. एकदा तोंडावर म्हणाले, "साळे, धाकटीच्या हातची काय फुगत्यात गं!" हाताची नाहीत. पिठाची आहेत. माझ्या सासूच्या पिठाची.

पण तवा माझ्याकडं. ती नारायणगावातून नॉनस्टिक घेऊन आली, त्यावर फुगतात पण खालून लाली येत नाही, पांढरी फटक. मागच्या दिवाळीला मागायला आली, "आक्का, एक दिस तवा द्या ना." मी म्हटलं, "तू मागितलास. मी देत न्हाई." मी पीठ मागितलं नाही, कधी मागणार नाही.

तर तवा लंकाबाईला द्यावा. होय, तिलाच. पीठ तिच्याकडं आहे, दुसऱ्या कोणाकडं नाही. पण भावकीचं सुतक तिच्या घरालाही लागणार आणि तिचंही गाडगं पालथं होणार. म्हणून माझं काही बरंवाईट आहे असं पुण्याहून कळलं, की तिने रडायच्या आधी पळीभर पीठ पेठला पोचवावं. तेराव्यानंतर पहिलं धिरडं माझ्या तव्यावर घालावं आणि वृषालीला समोर बसवून शिकवावं. चोरून नाही.

४) दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर मालकांनी आणि गोरखने हात जोडून भलतीसलती वचनं देत बसू नये. लंकाबाईने पुढं होऊन सगळ्या भावकीत मोठ्याने म्हणावं, "आक्का, तुमच्या हातची धिरडी माझ्यापेक्षा चांगली व्हती." कावळा शिवेल. नाही शिवला तर ती मनापासून म्हणाली नाही. परत म्हणायला लावावं.

साक्षीदार: रखमाजी (सही), गोजरबाई (अंगठा). लंकाबाई सही करायला आली होती. जिला द्यायचं तिची साक्ष चालत नाही म्हणतात, म्हणून परत पाठवली. कारण सांगितलं नाही. तोंड पाडून गेली, जाऊ दे.

सही: साळुबाई सोमाजी औटी
मुक्काम राजुरी, ता. ९ फेब्रुवारी २००४