तीन निरपराध सड

३ मार्च
संकल्प: गोठा आदर्श करणार. दुधात औषधाचा अंश नाही म्हणजे नाही. तशी पाटी रंगवून दाराला ठोकली. बायको म्हणाली, आधी कॅन धुवा. दृष्टीच नाही.

५ मार्च
आमच्या पांढरी गाईच्या कासेचा एक सड सुजला. डॉक्टरीणबाईंनी त्यात औषधाची ट्यूब सोडली. म्हणाल्या, उपचार संपल्यावरही चार दिवस हिचं दूध कुणाला देऊ नका. यांच्या बापाचं काय जातं? गाय फळ्यावर काढून शिकलेली मंडळी.

६ मार्च, सकाळी
शोध लागला! औषध एका सडात. मग उरलेल्या तिघांचा गुन्हा काय? तिघांचं दूध कॅनमध्ये, चौथ्याचं मोरीत. बायको म्हणाली, असं नसतं. हिला सायन्स शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

८ मार्च
ताईचा फोन. दाजींच्या चीजच्या कारखान्यात आमचं आणि शेजाऱ्याचं दूध जातं. आज टाकीभर दूध विरजलंच नाही. सगळं ओतून दिलं. नवल नाही. दाजी मूळचे शिंपी. विरजण काय कात्रीने लागतं?

९ मार्च
पुन्हा तेच. दाजी जेवले नाहीत म्हणे. आता कळलं, घाण शेजाऱ्याची. गबाळा माणूस. उद्या सगळ्यांसमोर टेस्ट करायला लावतो.

१० मार्च
बायकोला घेऊन दाजींकडे गेलो. दोन्ही कॅन तपासा, असं ठणकावलं. शेजारी कॅनचं झाकण चाचपत होता. चोराच्या मनात चांदणं. दाजींनी बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंनी दुधात औषध शोधायच्या पट्ट्या बुडवल्या.
शेजाऱ्याचं दूध स्वच्छ.
माझ्या दुधात औषध. त्यानेच विरजण मेलं म्हणे. पट्टी शिळी असणार. दुसरी लावायला लावली. तीही शिळी.
नाइलाजाने तीन सडांचा सिद्धांत मांडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध रक्तात उतरतं हो. रक्त काय सडागणिक वेगळं असतं?"
हे आधी सांगायला नको? बायको म्हणाली, सांगितलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. दाजी रिकामी टाकी पुसत राहिले. माणसाने निदान शिवी द्यावी.

१२ मार्च
ताई आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोला म्हणाली, "यापुढे धार तू काढ. दूध तुझ्या हातचं असेल तरच घेऊ. ह्याला कॅनजवळ फिरकू देऊ नकोस."
मी मोठ्या मनाने संमती दिली. कोणी मागितली नव्हती.
संध्याकाळी शेण काढलं. या कामाला जाणकार माणूस लागतोच.