तेरा सेंटीमीटर

९ एप्रिल, बुधवार
वेंकटराव अण्णांनी आज उत्सव समितीपुढे हात टेकले. गुडघे गेले. एकोणचाळीस वर्षं रथाला कट्टै लावली त्यांनी. आमच्या कोदंडरामाचा रथ गल्ली उतरत येतो, तो थांबवायचा म्हणजे पुढच्या चाकांखाली चिंचेच्या लाकडाच्या पाचरी सारायच्या. त्याच कट्टै. ब्रेक तोच, सुकाणूही तेच. दुसऱ्या चाकाला कुणीही चालतो, पण इशारा देणारा आणि उजवं चाक धरणारा एकच. आता कोण? सगळे जमिनीकडे बघत बसले. मी म्हणालो — मी.
"तू पंपाच्या मोटारींना तार गुंडाळतोस रे रघुराम," श्रीनिवासराव म्हणाले. ते अध्यक्ष. बँकेतून निवृत्त.
नववीत शाळा सुटली हे खरं. पण बारावीचं भौतिकशास्त्र मी दोनदा वाचलंय. दुसऱ्यांदा फक्त चुका काढायला. सहा निघाल्या.

१० एप्रिल
बायकोला, जयलक्ष्मीला, सांगितलं. ती डोसा उलटत होती.
"अण्णांच्या डाव्या पायाला बोटं किती?"
"दोन."
"मग?"
मी समजावलं, ती बोटं हिशेब न करता पाचर सारल्यामुळे गेली. हिशेब असेल तर पाय चाकापासून लांब ठेवता येतो. तिने तो डोसा मला दिला नाही. आमच्या मुलीला, नंदिताला, दिला.

१३ एप्रिल, रविवार
समितीपुढे मांडणी केली. आमचं घर गल्लीच्या टोकाला, रथाच्या अगदी समोर. तिथे थांबवून उजवीकडे वळवायचा. चुकला तर आमचाच ओटा. म्हणून तिथलंच गणित घेतलं. वेग सेकंदाला ऐंशी सेंटीमीटर. पुढची दोन चाकं अडवली म्हणजे निम्मं वजन पाचरींवर. लाकूड आणि रस्ता यांचा घर्षणांक अर्धा. उत्तर — तेरा सेंटीमीटर. पाचर लागल्यापासून रथ तेरा सेंटीमीटर सरकेल आणि थांबेल.
श्रीनिवासरावांनी विचारलं, वजन किती धरलंस? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. वजन लागतच नाही! जडपणामुळे थांबवणं जितकं अवघड, तितकंच घर्षणही वाढतं. दोन्ही बाजूंनी वजन जातं. रथ पाच टनांचा असो की दहा, अंतर तेच.
वेंकटराव अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "म्हणजे वर देव बसला काय, नाही बसला काय, सारखंच."
सगळे हसले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अण्णांचं म्हणणं बरोबर होतं, हे मी सांगितलं. मग कुणी हसलं नाही.
पण कट्टै मला मिळाली.

१४ एप्रिल
आज तमिळ वर्षारंभ. घरात अबोला. कडुनिंबाच्या फुलांचं कडू पच्चडी मात्र माझ्या पानात दुप्पट.

२० एप्रिल, रविवार
रिकाम्या रथाची चाचणी. सकाळीच, रस्ता झाडून. नंदिता फोनवर वेळ मोजायला. मी थांबायच्या जागी खडूने रेघ मारली, ओट्यापासून बरोबर दोन हात. रेघेवर चाक आलं, ओरडलो, पाचर सारली. सरकला पंधरा सेंटीमीटर.
दोन सेंटीमीटरचा फरक नंदिताच्या अंगठ्यामुळे. तिने फोनचं बटण उशिरा दाबलं, त्यामुळे वेग कमी मोजला गेला. तिला तसं सांगितलं. "सरि अप्पा, बरं," म्हणाली आणि क्लासला गेली. तिला बारावीत भौतिकशास्त्रात अठ्ठ्याण्णव आहेत. उरलेले दोन कुठे गेले ते आज कळलं.
वेंकटराव अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. "छान," म्हणाले. एवढंच. एकोणचाळीस वर्षांत ते कधी खडू घेऊन आले नाहीत.

२३ एप्रिल
जयलक्ष्मी आज बोलली. "नंदिताचं कॉलेज व्हायचंय. चाकाखाली जायला दुसरं कुणी नाही का?"
मी म्हणालो, चाकाखाली नाही, चाकापुढे. हा फरक महत्त्वाचा आहे.
"तुम्हाला सोडायला सांगितलं तर सोडाल?"
"समितीने सांगितलं तर."
"सरि."

२६ एप्रिल, शनिवार
रेघ पुन्हा मारली. यावेळी पांढऱ्या रंगाने. जाडी एक सेंटीमीटर.

२७ एप्रिल, रविवार
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तारीख कोरी राहिली तर उद्या मीच मला विचारीन.
रथोत्सवाचा दिवस. दुपारी बारा. दोर ओढणारे सगळे अनवाणी, म्हणून रीतीप्रमाणे घराघरांतून रस्त्यावर पाणी ओतलेलं. रथ गल्ली उतरला. दोर घेऊन माणसं उजवीकडे वळली. चाक रेघेवर आलं. मी ओरडलो. त्यांनी दोर सैल सोडला. पाचर सारली, सणसणीत, अगदी मधोमध. मागे झालो. पाय सुरक्षित.
रथ थांबला नाही. पाचरीसकट आला. सावकाश. कुणीतरी बसायला जागा शोधत यावं तसा. आणि आमच्या ओट्यात शिरला. कोपऱ्याच्या विटा पडल्या. आरती करणारे गुरुजी वरून विचारत होते, आलं का?
दरवर्षी ओट्यावर दहा-बारा म्हाताऱ्या बसतात. यंदा जयलक्ष्मीने सगळ्यांना नेमकं त्याच वेळी गुळाचं पानकम् प्यायला आत बोलावलं होतं. देवाची कृपा.

२८ एप्रिल
वेंकटराव अण्णा काठी टेकत आले. पडक्या ओट्याच्या चांगल्या टोकावर बसले.
"रस्ता ओला होता रे."
"पाणी दरवर्षीच ओततात अण्णा."
"नुसतं पाणी नव्हतं. शेणाचा सडा होता. तू रेघ बघत होतास. रस्ता बघायचा असतो."
घर्षणांक अर्धा हा कोरड्या रस्त्याचा. ओल्या शेणाचा पुस्तकात नाही. सातवी चूक.

३० एप्रिल, बुधवार
समितीचा निर्णय. पुढच्या वर्षी तिरुच्चीहून माणूस येणार, रथाला लोखंडी ब्रेक बसवणार. तोवर कट्टै कुणाकडेच नाही. श्रीनिवासरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. बँकेत कर्ज नाकारताना ठेवत असतील तसा.
घरी येऊन सांगितलं. जयलक्ष्मीने रात्रीसाठी पुरी केली. काही सण नव्हता.

३ मे, शनिवार
कॉफीचा पेला-डबरा पुढे ठेवून जयलक्ष्मी म्हणाली, "शेणाचा काला मीच ओतला. दोन घागरी. बावीस वर्षं या दारापुढे सडा घालतेय, तुमच्या स्कूटरपासून वीटवाल्याच्या गाडीपर्यंत सगळं घसरताना पाहिलंय. रथ अडीच हात येणार. दोन हात मोकळे, अर्धा हात ओटा. तेवढा आपलाच."
ती आत गेल्यावर टेप घेऊन बाहेर आलो. रेघेपासून पाचरीच्या ओरखड्याच्या टोकापर्यंत मोजलं. अडीच हात, वर एक बोट.
बोटाचं तिला सांगणार नाही.